मार्फत तुलसीराम सरदार

तुलसीराम सरदारांना स्वतःची अशी पत्रं वर्षाला चारच यायची. तीन इंग्लंडहून मुलीची आणि एक पेन्शन कचेरीचं, सरदार अद्याप हयात आहेत काय अशी विचारणा करणारं. तरीही त्यांचं नाव असलेली पाकिटं रोज येत. आमच्या गल्लीत सव्वीस घरं. त्यांतल्या पंचवीस घरांच्या पत्त्यात पहिल्या ओळीत ज्याचं पत्र त्याचं नाव आणि दुसऱ्या ओळीत 'मार्फत तुलसीराम सरदार, रॉयल रोड' असं असायचं. तिसऱ्या ओळीत प्लेन मान्येन. खरं तर प्लेन मान्येन आमच्यापासून पाऊण मैल दूर, पण आमच्या वस्तीचं नाव पोस्टात कुणाला ठाऊक नव्हतं आणि सरदारांचं होतं.

सरदार म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर घोडा आणि तलवार येत असेल तर खुलासा केलेला बरा. आमच्या मॉरिशसमध्ये सरदार म्हणजे उसाच्या मळ्यावरचा मुकादम. तलवारीच्या जागी शिट्टी असते. तुलसीरामांनी ती तीस वर्षं वाजवली आणि एकोणीसशे बहात्तर साली मळ्याला परत केली. त्यानंतर त्यांच्याकडे अधिकार असा एकच उरला, तो म्हणजे टपालाचा.

तो त्यांना भूगोलाने दिलेला होता. गल्ली रॉयल रोडवरून निघायची आणि उसात संपायची. तिला नाव नव्हतं, घरांना नंबर नव्हते, आणि चार थेंब पडले की तिसऱ्या घरापुढे सायकल जात नसे. सरदारांचं घर अगदी तोंडाशी. पोस्टमन कृष्णदेव साडेदहाला यायचा, सगळा गठ्ठा त्यांच्या ओसरीवर ठेवायचा, पेलाभर पाणी प्यायचा आणि सव्वीस घरांना टपाल पोचवल्याच्या समाधानाने निघून जायचा.

मग सरदार चष्मा लावत. त्यांनी कधी कुणाचं पाकीट उघडलं नाही, हे त्यांच्या वैऱ्यांनाही मान्य होतं. त्यांना उघडायची गरजच पडत नसे. निळं पातळ पत्र म्हणजे इंग्लंड. तपकिरी पाकिटाला खिडकी असली म्हणजे सरकार. कोपऱ्याला हळद लागलेली असली म्हणजे लग्न, आणि हळद किती सढळ हाताने लावली आहे त्यावरून मुलाकडची मंडळी कशी आहेत तेही त्यांना समजे.

"काका, माझं काय आलं?" असं विचारत जयदेव नावाचा एक पोरगेलासा मास्तर एकदा धावत आला. त्याने सरकारी नोकरीसाठी अर्ज केला होता.

"आलंय. पर नोकरी न्हाय लागली," सरदार म्हणाले.

"उघडलंत?"

"पाकीट पातळ हाय. नोकरीचं जाड असतं, फॉर्म असतात आत. आयो, रडतोस काय? पानी पी."

पत्र घ्यायला येणाऱ्याने आधी पायरीवर चपला काढायच्या, प्रकृतीची चौकशी करायची, मग सरदार गठ्ठ्यात शोधल्यासारखं करायचे. चौकशी मनापासून झालेली नसली तर पत्र जरा उशिरा सापडे.

आता नंबर आणि नावं या विषयावर आमच्या लोकांचं मत काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढच्या भानगडीला अर्थ राहणार नाही. आमचे आजे-पणजे मळ्याच्या कॅम्पात राहायचे. एकाला एक चिकटलेल्या खोल्या आणि प्रत्येक दारावर डांबराने काढलेला आकडा. हजेरी घेताना माणसाचं नाव चुकलं तरी चालायचं, आकडा चुकलेला चालत नसे. उलट मळ्याच्या मालकाच्या बंगल्याला नंबर नव्हता. फाटकावर फ्रेंचमध्ये सुंदर नाव होतं, त्याचा अर्थ 'माझा विसावा' असा काहीतरी. त्यामुळे आमच्या डोक्यात एक शिडी पक्की बसली होती. तळाला नंबरवालं घर, मध्ये बिननंबरचं घर, आणि सगळ्यात वर नाव असलेलं घर. कॅम्प सोडून स्वतःच्या जागेत गेलेल्या माणसाची पहिली चैन म्हणजे दाराला नंबर नसणं.

पंच्याहत्तरच्या जर्वेझ वादळात निम्म्या गल्लीचे पत्रे उसात जाऊन पडले. त्यानंतर सिमेंटची घरं उठली आणि सिमेंटवर अक्षरं चांगली बसतात हे लोकांच्या लक्षात आलं. चंद्रमोहनने, म्हणजे पुढे ग्रामसमितीवर निवडून आला तोच, आपल्या दोन खोल्या आणि मोरीला 'प्रतापगड' असं नाव दिलं. देवनागरीत, भगव्या रंगात. पोस्टमनला देवनागरी येत नव्हती, पण नाव पोस्टमनसाठी नव्हतंच.

सरदारांनी मात्र घराला नाव दिलं नाही. "माझ्या घराला नाव हाय. सगळ्यांच्या पाकिटावर लिवलेलं असतं," असं ते म्हणत.

म्हणणं बिनतोड होतं, आणि एक्याऐंशी सालापर्यंत ते टिकलं.

त्या वर्षी ग्रामसमितीने ठरवलं की सगळ्या गल्ल्यांना नावं आणि सगळ्या घरांना नंबर द्यायचे. आमच्या गल्लीचं नाव 'लेन नंबर तीन' ठेवण्यात आलं. म्हणजे नाव देतानाही नंबरच दिला. मग एके सकाळी एक रंगारी डबा आणि पत्र्याचे कापलेले आकडे घेऊन आला. तो पलीकडच्या वस्तीत राहणारा, त्यामुळे सायकलवरून उसातल्या पायवाटेने आला. सायकल ज्या टोकाला पोचली ते टोक पहिलं, असा त्याचा सरळ हिशेब. त्या टोकाला पत्र्याच्या छपराचं एकच घर उरलं होतं, कुंतीचं. कुंती विधवा बाई. मळ्यावर वीस वर्षं सरदारांच्या हाताखाली ऊस तोडलेली, आणि त्यांच्या शिट्टीला न घाबरणारी एकटी. तिच्या दारावर पांढरा स्वच्छ एक उमटला. दुपारी दोन वाजता रंगारी सरदारांच्या ओसरीला पोचला आणि त्याने सव्वीस काढला.

सरदार तेव्हा झोपले होते. उठून बाहेर आले तेव्हा आकडा दिसला, आणि आकड्याखाली उभी राहून त्याच्याकडे कौतुकाने बघणारी त्यांची बायको बसंतीही दिसली.

"ह्ये काय?"

"सव्वीस," बसंती म्हणाली. "छान काढलाय. त्यातला दोन बदकावानी हाय."

नंबर मिळाला याचं दुःख होतंच, पण शेवटचा मिळाला ही जखम वेगळी होती. सरदार तसेच उठून प्रतापगडावर गेले. कुंती तिथे आधीच बसलेली होती, चंद्रमोहनच्या आईशी गप्पा मारत.

"चंद्रमोहन, गल्ली कुठनं सुरू हुते?" सरदारांनी उभ्यानेच विचारलं.

"रॉयल रोडवरनं, काका."

"म्हंजे माझ्या घरापासनं. आनि संपते कुठं?"

"कुंतीकडं."

"मग?"

चंद्रमोहनने मान खाजवली. तेवढ्यात कुंती म्हणाली, "सरदार, आमी उसातनं घरी येतो तवा गल्ली माझ्यापासनं सुरू हुते की. तुमी कधी त्या बाजूनं आला न्हाई म्हनून तुमाला म्हाईत न्हाई."

चंद्रमोहनने मग सरकारी उत्तर दिलं, "काका, आता रंग वाळला."

सरदारांनी शेवटचा उपाय केला. दुसऱ्या दिवशी ते आयुष्यात पहिल्यांदा गल्लीच्या त्या टोकाला चालत गेले आणि कुंतीला म्हणाले, की तुला त्या आकड्याचं काय करायचंय, बदलून टाकू आपण.

"न्या की निमेरो," कुंती आकड्याकडे बोट दाखवत म्हणाली. "मला काय, दोनी सारखेच. पर एकटा कसा न्याल? त्याच्यासंगट छपराची गळती बी न्यावी लागंल. ती बी एक निमेरोची हाय."

सरदार परत आले ते थेट घराच्या मागे गेले. त्यांच्या घराची पाठ रॉयल रोडला होती. तिथे मोरी, केळीची चार झाडं, आणि गाय विकून दहा वर्षं झाली तरी गोठाच म्हणवून घेणारं एक छप्पर. या मागच्या बाजूकडे ते बराच वेळ बघत राहिले. लेन नंबर तीनमधला शेवटचा माणूस होण्यापेक्षा रॉयल रोडवरचा माणूस झालं तर? पत्त्यात आपण 'रॉयल रोड' वीस वर्षं लिहीत आलोच आहोत. फक्त घरालाच अजून ते कळलेलं नाही.

"आपण घराचं तोंड फिरवायचं," त्यांनी जेवताना जाहीर केलं.

"आनि माझी चूल?" बसंतीने विचारलं.

"ती मागं."

"मागं म्हंजे आता जे पुढं हाय, तिथं?"

"आता जे पुढं हाय, ते मागं हुईल."

बसंतीने भाताचा आणखी एक डाव त्यांच्या ताटात घातला. "बों," ती म्हणाली. क्रिओलमध्ये याचा अर्थ बरं. बसंतीच्या तोंडी त्याचा अर्थ, मी काही बोलले नाही हे लक्षात ठेवा.

काम चार महिने चाललं. गोठा पडला, केळी गेली, रॉयल रोडवर लोखंडी फाटक लागलं. नवी ओसरी झाली, तिला दोन खांब झाले, आणि वर सिमेंटच्या उठावदार अक्षरांत 'व्हिला तुलसीराम'. बसंतीने आपली चूल, पाट्यासकट, गल्लीकडच्या जुन्या ओसरीवर आणली. तिला विचारलं तर ती म्हणायची की इतका उजेड तिच्या स्वयंपाकाने आजवर पाहिला नव्हता.

रॉयल रोडचा नंबरही यथावकाश मिळाला. तिथले आकडे आधीच वाटून झाले होते. शेजारचं रंग-खिळ्यांचं दुकान एकशे अठ्ठेचाळीस होतं. मध्येच उगवलेल्या फाटकाला एकशे अठ्ठेचाळीस बी देण्यात आला. म्हणजे सरदार पत्त्यापुरते दुकानाचे पोटभाडेकरू झाले. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. गल्लीत ए असण्यापेक्षा रॉयल रोडला बी असणं केव्हाही मोठं, असं ते दोन-तीनदा म्हणाले. चौथ्यांदा म्हणायला कुणी ऐकणारं उरलं नाही.

कारण रॉयल रोडवर माणसं थांबत नाहीत. माहेबूरच्या बसगाड्या जायच्या, विमानतळाच्या टॅक्स्या जायच्या, उसाचे ट्रक पाचोळा उडवत जायचे. नव्या ओसरीच्या सावलीत बसची वाट पाहणारे अनोळखी लोक उभे राहायचे आणि विचारायचे, "तोंतों, बस गेली का?" तोंतों म्हणजे काका. सरदार सांगायचे. तीस वर्षं दुसऱ्यांची हजेरी घेतलेला माणूस बसगाड्यांची हजेरी घेऊ लागला.

आणि टपाल? सरदारांची खात्री होती की आता घरोघर नंबर झाल्यावर कृष्णदेवला दारोदार फिरावं लागणार, मार्फतीचा काळ संपला, आपण वेळेवर बाजूला झालो. कृष्णदेवलाही हुकूम तसाच होता. पण तिसऱ्या घरापुढचा चिखल आणि सातव्या घरातला कुत्रा यांना हुकूम मिळालेला नव्हता. तो पूर्वीसारखाच साडेदहाला गल्लीच्या तोंडाशी थांबायचा, जुन्या ओसरीवर गठ्ठा ठेवायचा आणि पाणी प्यायचा. पाण्याबरोबर आता त्याला गातो पिमां मिळायला लागले, डाळीचे गरम तिखट वडे, कारण चूल तिथेच होती. त्यामुळे त्याच्या शिस्तीत अधिकच नियमितपणा आला.

थोडक्यात, नंबरांनी काहीच बदललं नव्हतं. सरदार होते तिथेच बसून राहिले असते तर त्यांचं राज्य अबाधित होतं. त्यांनी शत्रू येण्याआधीच किल्ला सोडला होता आणि शत्रू आलाच नव्हता.

बसंतीला रोमन अक्षरं येत नव्हती, देवळातल्या वर्गात शिकलेलं मराठी तेवढं ती वाचायची. म्हणून तिने गठ्ठा सरळ सुपात ओतून ठेवायला सुरुवात केली. ज्याचं त्याने उचलावं. चपला काढायच्या नाहीत, प्रकृती विचारायची नाही. लोक तिथेच पाकीट फोडायचे आणि वडा खाता खाता वाचून दाखवायचे, कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, लंडनला कुणाला थंडी बाधली. सरदारांना वीस वर्षांत पाकिटांची बाहेरची बाजू पाठ झाली होती. बसंतीला तीन महिन्यांत आतली झाली. वर्षाच्या आत पत्ते आपोआप बदलले. पाकिटांवर दिसू लागलं, 'मार्फत बसंतीबाई, २६, लेन नंबर तीन'.

सरदार दुपारी पाणी प्यायच्या निमित्ताने आत यायचे आणि दाराच्या आडून सुपाकडे बघायचे.

"त्ये निळं कुनाचं?"

"ज्याचं असंल तो नेईल," बसंती म्हणायची. "तुमची बस आली वाटतं. आवाज येतोय."

त्र्याऐंशी साली खानेसुमारी झाली. रॉयल रोडला एक मास्तर आला आणि गल्लीला दुसरा. रॉयल रोडवाल्याने व्हिलाच्या ओसरीवर बसून वही उघडली. त्याला शिकवलेलं होतं की एक चूल म्हणजे एक कुटुंब.

"घराचे मुख्य?"

"मीच. तुलसीराम. रिटायर सरदार."

"चूल कुठे आहे?"

सरदारांना हा प्रश्न व्हिलाला शोभेसा वाटला नाही. चूल मागे, जुन्या ओसरीवर, गल्लीत आहे हे ते रॉयल रोडवर बसून कसं सांगणार?

"इथं स्वैपाक होत न्हाय," ते म्हणाले. "इथं फक्त बसणं-उठणं."

मास्तरने लिहिलं. एक व्यक्ती, पुरुष, चूल नाही.

दोन दिवसांनी गल्लीचा मास्तर सव्वीस नंबरच्या ओसरीवर आला. बसंती वडे तळत होती, कुंती शेजारी डाळ वाटत होती.

"घराचे मुख्य?"

"हितं? मीच की," बसंती म्हणाली.

"आणि नवरा? हयात?"

"हाय की. रॉयल रोडला असतो. एकशे अठ्ठेचाळीस बी."

तिने ते थट्टेने म्हटलं की सहज, हे तिला कुणी विचारलं नाही. कुंतीने वाटायचं थांबवलं, एवढं मात्र नक्की. संध्याकाळपर्यंत सव्वीसच्या सव्वीस घरांना ठाऊक झालं की सरदार आणि बसंती सरकारच्या वहीत वेगळे झाले. तिसऱ्या दिवशी देवळात एका म्हाताऱ्याने सरदारांचा हात हातात घेतला आणि या वयात असं व्हायला नको होतं म्हणाला. सरदारांना वाटलं, तो गुडघ्यांबद्दल बोलतोय.

कुंतीचा पुतण्या लंडनला होता. सहा आठवड्यांनी सुपात एक निळं पत्र आलं. नाव फक्त बसंतीचं. सरदारांची मुलगी राजलक्ष्मी, तिकडे नर्स असलेली, तिचं अक्षर. आईसाठी ती मराठीत लिहायची. बसंतीने ते वाचलं, घडी घातली आणि दुपारी ताटाशेजारी ठेवलं. सरदारांनी घास हातातच धरून ते वाचलं. राजलक्ष्मीने लिहिलं होतं: 'आई, मला सगळं कळलं. तू लपवू नकोस. बाबांचं जेवण कोण करतं? त्यांच्या घरात चूलसुद्धा नाही म्हणे. डिसेंबरात सुटी काढून येते आणि दोघांशी बोलते. तोवर कुठल्या कागदावर सही करू नकोस.'

"तू कळवलंस तिला?"

"मी कशाला कळवू? सरकारनं लिवून घेतलंय, तुमच्याच तोंडचं."

"अगं, मी इथंच जेवतोय की! समोर!"

"हितं सव्वीस हाय," बसंती म्हणाली. "भात घ्या."

मुलगी सात समुद्र ओलांडून आपल्याला समजवायला येणार, आणि विमानतळावरून येताना टॅक्सीवाल्याला कुठला पत्ता सांगावा याचा तिला विचार पडणार, हे चित्र सरदारांना सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोट चढवला आणि प्रतापगड गाठला.

"चंद्रमोहन, मला सव्वीस परत पायजे."

"काका, पण रॉयल रोड? व्हिला?"

"व्हिलाचं मी बघतो. तू फॉर्म काढ."

फॉर्म निघाला. पत्ता बदलण्याचं कारण, असा रकाना होता. सरदारांनी बराच वेळ पेन हातात धरलं, मग लिहिलं, 'पत्नीसोबत राहण्यासाठी'.

चंद्रमोहनने वाचलं. "काका, तुम्ही काकूंसोबतच राहता ना?"

"राहतो. कागदावर न्हाय."

"मग एक अडचण आहे." चंद्रमोहन खरोखरच ओशाळला होता. "सव्वीसच्या मुख्य आता काकू आहेत. घरात माणूस वाढवायचा तर त्यांची सही लागते."

सरदार फॉर्म घेऊन घरी आले. रॉयल रोडच्या फाटकाने नाही, गल्लीने. ओसरीवर सूप होतं, कृष्णदेव होता, कुंती होती, जयदेव मास्तर होता. सरदारांनी फॉर्म बसंतीसमोर धरला. तिने हात पुसले, पण कागद घेतला नाही.

"टपाल सुपातच राहील," ती म्हणाली.

"राहू दे."

"चूल हितनं हलनार न्हाई."

"कोन हलवतंय?"

"आनि कुनाच्या पाकिटाला हात लावायचा न्हाई."

सरदारांनी सुपाकडे बघितलं. "इंग्रजी पत्ता वाचता न आला कुनाला, तर?"

"तर इचारलं की सांगायचं. इचारल्याबिगर न्हाई."

"बरं."

"राजलक्ष्मीला आज लिवायचं. तुमच्या हातानं."

"लिवतो म्हनलं ना! सही कर आता, कृष्णदेव बघतोय."

कृष्णदेव खरोखरच बघत होता, त्याचा वडा थंड होत होता. बसंतीने पेन घेतलं आणि एकेक अक्षर काढत सही केली. चंद्रमोहन मागोमाग आलाच होता. त्याने उरलेले रकाने तिथेच उभ्याने भरले. नाव, वय, आणि घरच्या मुख्य व्यक्तीशी नातं. तिथे त्याने 'नवरा' असं लिहिलं.

सरदारांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग हलक्या आवाजात विचारलं, "त्याच्याफुडं 'रिटायर सरदार' बसंल काय?"

"रकाना लहान आहे, काका," चंद्रमोहन म्हणाला.